वाचक विचारतात : ट्विनच्या प्लेटा, हार्डडिस्कमधली सेशन्स आणि चौंडक्याच्या कॅसेटी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या शेवटच्या सेशनबद्दल, म्हणजे स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या बैठकीबद्दल, लिहिलं होतं. मे १९३३, न्यूयॉर्कचा स्टुडिओ, टीबीनं माणूस इतका खंगलेला की दोन गाण्यांच्या मधे तिथेच कॉटवर आडवा व्हायचा, २४ तारखेला शेवटचं रेकॉर्डिंग केलं आणि २६ ला गेला. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आलीत की ह्यावेळी पूर्ण जागा लोकगीत आणि कंट्रीवाल्यांच्या जुन्या सेशन रेकॉर्डिंगलाच देतोय. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, सगळीकडून विचारणा आहे, फार बरं वाटलं.

प्रश्न : काका, आमचं कॅम्पात जुनं घर आहे. माळ्यावर आजोबांच्या पेटीत प्लेटा मिळाल्या, बहुतेक नाट्यगीतं आहेत पण दोन वेगळ्याच, लेबलवर ट्विन असं छापलंय आणि खाली जिमी रॉजर्सचं नाव! तुमचा लेख वाचून अंगावर काटाच आला. अमेरिकेतलं गाणं आमच्या माळ्यावर कसं काय? आणि जुन्या ग्रामोफोनवर लावून बघू काय? (कॅम्प, बेळगाव)

उत्तर : आधी हात जोडून सांगतो, ग्रामोफोनवर लावू नका. त्या मशीनचा साउंडबॉक्स जड असतो आणि स्टीलची सुई, एकेका वाजवण्यात खाचा घासत जातात. हल्लीच्या टर्नटेबलवर ७८ चा स्पीड असेल तर त्याला ७८ चीच वेगळी सुई लावा, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची सुई ०.७ मिलच्या आसपास असते, ती त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. धुवायचं असेल तर साधं कोमट पाणी आणि एक-दोन थेंब भांड्याचं लिक्विड, मऊ ब्रश, लेबल भिजू द्यायचं नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यातलं काहीही लावू नका हो, ह्या प्लेटा लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. धुवून पुसून उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पावसाळ्यात माळ्यावर तर अजिबात नको, आपल्याकडची ओल कव्हरच्या कागदाला लगेच बुरशी आणते.

आता आल्या कशा? ट्विन हे ग्रामोफोन कंपनीचं स्वस्तातलं लेबल. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीनं रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचे मास्टर, म्हणजे मूळ साचे, इकडे यायचे आणि कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात प्लेटा निघायच्या, जिमी रॉजर्सही निघाला, कार्टर फॅमिली हे गाणारं कुटुंबही निघालं. म्हणजे आवाज मिसिसिपीच्या माणसाचा, लाख आपल्या देशातली आणि प्लेट डमडमची. कॅम्पात तेव्हा लष्करी लोक असायचे, बदली झाली की सामान विकून जायचे, तसंच काहीतरी आजोबांच्या हाताला लागलं असावं. जगभरचे जिमी रॉजर्सवाले ह्या ट्विनच्या प्लेटा शोधत असतात, म्हणून कुणी दारात येऊन दोन्ही मिळून पाचशे रुपये देतो म्हणाला तर घाई करू नका. किंमत मी न बघता सांगणार नाही, खाचा किती शाबूत आहेत त्यावर सगळं असतं.

एक काम मात्र आजच करा. लेबलवरचा एफटीनं सुरू होणारा नंबर लिहून घ्या, आणि लेबलच्या कडेला जी मोकळी जागा असते तिथे तिरपा उजेड पाडून कोरलेला नंबर दिसतो काय बघा. पहिला नंबर दुकानाचा, प्लेट कोणत्या यादीत विकली ते सांगणारा. दुसरा मॅट्रिक्स नंबर, तो स्टुडिओतला, गाणं कुठल्या दिवशी गायलं आणि कितवा टेक (एकच गाणं परत परत गाऊन भरतात, त्यातली एकेक खेप म्हणजे टेक) छापला तिथपर्यंत नेणारा. आमच्या सगळ्या नादाचा जीव त्या दुसऱ्या नंबरात आहे.

प्रश्न : सर, पुण्याच्या मेहुण्यानं हार्डडिस्क पाठवली, त्यात हँक विल्यम्स, वुडी गथ्री, जॉनी कॅश, सगळ्यांची अनरिलीज्ड सेशन्स आहेत म्हणतो, हजारो एमपीथ्री. ह्यातलं खरं दुर्मीळ काय ते कसं ओळखायचं? (निपाणी)

उत्तर : फाइलच्या नावात अनरिलीज्ड लिहिलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. माझा अनुभव असा की अशा डिस्कमधला मोठा भाग कधीच अधिकृतपणे बाहेर आलेला असतो, फक्त कुणीतरी सीडीवरून काढून, आवाज दाबून, स्पीड थोडा हलवून, नाव बदलून पुढे ढकललेला असतो. जर्मनीची बेअर फॅमिली कंपनी १९७५ पासून अशी जुनी रेकॉर्डिंग रीतसर काढतेय, एकेका कलाकाराचे मोठे बॉक्स, त्यात वेगवेगळे टेक, अर्धवट सुटलेले टेक, आणि सोबत जाड पुस्तक ज्यात कुठल्या तारखेला कोण कोण वाजवत होतं ते सगळं. तेव्हा पहिली खरेदी आवाजाची नको, यादीची करा. १९२१ ते १९४२ च्या कंट्री रेकॉर्डिंगची टोनी रसेलची डिस्कोग्राफी आहे, २००४ ची, महाग आहे पण तारीख, गाव, मॅट्रिक्स, टेक, सगळं मिळतं. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसनं अमेरिकन जुन्या रेकॉर्डिंगची यादी इंटरनेटवर फुकट ठेवलीय, व्हिक्टरच्या नोंदी तिथे दिसतात. निपाणीत घरी बसून १९२७ च्या एका दुपारी कोण गिटार वाजवत होतं ते कळतं, ह्यापेक्षा काय पाहिजे.

मग एकेक गाणं लावा आणि छापून आलेल्या टेकशी कानानं ताडून बघा. श्वास कुठे घेतलाय, गिटारचा कुठला सूर चुकलाय, कडवं गाळलंय काय. दोन टेक कधीही हुबेहूब सारखे नसतात. हे उगाच कीस काढणं वाटेल पण तुमच्याच यादीतल्या वुडी गथ्रीचं बघा. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला मोझेस ॲश ह्या रेकॉर्ड कंपनीवाल्याकडे तो जहाजाच्या नोकरीतून सुटी मिळाली की यायचा आणि गाण्यांमागून गाणी रेकॉर्ड करायचा. त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यात, 'धिस लँड इज युवर लँड'मध्ये, खासगी मालमत्तेच्या पाटीबद्दल एक कडवं आहे, छापलेल्या रेकॉर्डवर ते नव्हतं, लोक फक्त ऐकून होते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जुन्या डिस्क तपासताना त्या कडव्यासकट गायलेला टेक निघाला आणि १९९७ मध्ये तो बाहेर आला. एका टेकनं त्या गाण्याचा अर्थच बदलतो, शाळेच्या प्रार्थनेसारखं म्हटलं जाणारं गाणं मुळात किती कडक होतं ते गाणाऱ्याच्याच आवाजात कळतं. हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्यानंच सेशन जमवावीत असं माझं स्पष्ट मत आहे, नुसता आकडा वाढवायला जमवणाऱ्यांच्या डिस्क पुढे कुणीही उघडत नाही.

हँक विल्यम्सची रेडिओवरची गाणी असतील तर तीही नीट बघा. १९५१ मध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर पिठाच्या एका कंपनीचा सकाळचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम तो करायचा, दौऱ्यावर असेल त्या दिवसांसाठी आधीच १६ इंची डिस्कवर भरून ठेवायचा. पुढे स्टेशनची जागा बदलताना त्या डिस्क कचऱ्यात चालल्या होत्या, तिथल्या फोटोग्राफरनं उचलून आणल्या म्हणून वाचल्या. नंतर हक्कावरून कोर्टकचेरी झाली, निकाल वारसांच्या बाजूनं लागला आणि २००८ पासून त्या रीतसर निघाल्या. म्हणजे हे आता दुर्मीळ नाही, पण चांगल्या प्रतीत ऐकायला फार सुंदर आहे, तो मधेच गप्पा मारतो, स्टुडिओत ज्यांनी साथ केली त्यांची चेष्टा करतो, विकायच्या रेकॉर्डवर असं मोकळं काही सापडत नाही.

प्रश्न : अशी बूटलेग रेकॉर्डिंग घेणं-देणं कायद्यात बसतं का? (खानापूर)

उत्तर : बूटलेग म्हणजे हक्कदाराच्या परवानगीशिवाय काढलेली प्रत. ती विकणं तर नाहीच, आणि फुकट वाटणंही बसत नाही. आपल्याकडे साउंड रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. अमेरिकेत जुन्या रेकॉर्डिंगना आणखी जास्त आहे, १९२७ ची रेकॉर्डिंग तिथे २०२८ च्या १ जानेवारीला मोकळी होतील. युरोपात एक गंमतशीर नियम आहे, ५० वर्षांत काहीच प्रसिद्ध केलं नाही तर कंपनीचा हक्क जातो, म्हणून बॉब डिलनच्या कंपनीनं २०१२ मध्ये जुन्या सेशनचा सेट जेमतेम शंभरेक प्रतींचा काढून हक्क राखला. पैसे देऊन बूटलेग घेऊ नका, त्यातला एक पैसा गाणाऱ्याच्या घरी जात नाही.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहते, कॉलेजला आहे. ब्रिस्टल सेशन्सचं नाव सारखं वाचते. ते गाव पण आपल्यासारखंच बॉर्डरवर आहे म्हणे, खरं काय?

उत्तर : खरं आहे ताई, आणि आपल्यापेक्षाही जास्त. आपल्याकडे हद्द शिनोळीपाशी लागते, ब्रिस्टलमध्ये ती मुख्य बाजारपेठेच्या मधूनच जाते, रस्त्याची एक बाजू टेनेसी आणि दुसरी व्हर्जिनिया. १९२७ च्या जुलैच्या शेवटी व्हिक्टरचा राल्फ पीअर तिथे आला, एका हॅट कंपनीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भिंतींना ब्लँकेटं लटकवून स्टुडिओ केला. सुरुवातीला ठरवलेले कलाकार होते, मग तिथल्या पेपरात बातमी आली की अर्नेस्ट स्टोनमन नावाच्या गायकाला वर्षात ३६०० डॉलर मिळाले, आणि डोंगरातून लोक बाजा-फिडल घेऊन उतरायला लागले. १ ऑगस्टला कार्टर फॅमिली आली, साधारण २५ मैलांवरून, खराब रस्त्यानं, त्यांच्यातली गिटार वाजवणारी मेबेल तेव्हा गरोदर होती. ४ तारखेला जिमी रॉजर्स, त्याचे साथीदार आदल्या रात्री भांडून वेगळे झालेले म्हणून एकटाच गिटार घेऊन बसला. दहा-बारा दिवसांत १९ कलाकार, ७६ रेकॉर्डिंग. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पीअरकडच्या रांगेत दोन्ही राज्यांतली माणसं एकत्र उभी होती. डोंगरातलं गाणं दोन्हीकडचं एकच होतं. आपल्या भागात एकच बाई सकाळी कन्नड पद आणि रात्री मराठी ओवी म्हणते, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला मला समजवून सांगायला नको.

कार्टर फॅमिली ऐकताना आधी त्यांच्यातल्या साराचा आवाज ऐका, मग परत लावून फक्त मेबेलची गिटार ऐका. अंगठ्यानं खालच्या तारांवर चाल वाजवते आणि बोटांनी वर ताल धरते, एकाच गिटारवर. मायक्रोफोन वापरून इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग सुरू होऊन दोन वर्षंच झाली होती, आधीच्या भोंग्याच्या पद्धतीत ती गिटार इतकी स्वच्छ उतरली नसती.

प्रश्न : माझे वडील सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचे तेव्हा टेपरेकॉर्डर न्यायचे. जोगत्यांची चौंडक्यावरची गाणी, मराठी पण आणि कन्नड पण, खोकाभर कॅसेटी आहेत. काहींवर नुसतं यात्रा असं लिहिलंय. तुम्ही अमेरिकेचं लिहिता, ह्याचं काय करू ते पण सांगा. (चिकोडी)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रासाठी मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. व्हिक्टरकडे पगारी माणूस होता तारीख आणि टेक लिहायला, तुमच्या वडिलांच्या कॅसेटींसाठी तो माणूस तुम्हीच आहात.

पहिल्यांदा प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेची दोन प्लास्टिकची टॅब तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मग आईला, काकांना, वडिलांबरोबर जाणाऱ्यांना बसवून विचारा, कुठलं साल, कुठली पौर्णिमा, गाणारे कुठल्या गावचे, चौंडकं कोण वाजवत होतं, तुणतुण्यावर कोण. हे काम कॉपी करण्याच्याही आधीचं, कारण टेप आणखी काही वर्षं टिकेल, सांगणारी माणसं म्हातारी झालीत. त्यांना ऐकवायला एखादी कॅसेट लावली तरी चालेल, आवाज ऐकून नावं आठवतात.

बुरशी दिसली, पांढरे ठिपके, तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेडवरून दुसऱ्या कॅसेटला जाते. १२० मिनिटांच्या असतील तर फास्ट फॉरवर्ड करू नका, टेप पातळ असते, तुटते. चांगला डेक मिळवा, हेडशेजारी छोटा स्क्रू असतो तो अगदी किंचित फिरवून चौंडक्याच्या तारेचा आवाज सगळ्यात टोकदार येईल तिथे थांबायचं, ह्या एका गोष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला वेव्ह फाइल करा, तासाला साधारण २ जीबी लागतात, एमपीथ्री नंतर ऐकण्यापुरती वेगळी काढा. मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन मारू नका, यात्रेचा गलबला आणि मागची हलगी हाही त्या रात्रीचाच भाग आहे. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत.

गाणाऱ्यांपैकी कुणी हयात असेल, त्यांची मुलं असतील, तर त्यांना शोधून एक प्रत द्या आणि पुढे कुठे द्यायची असेल तर आधी त्यांना विचारा. कुठल्या संस्थेत ठेवावं वाटलं तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं आर्काइव्ह आहे, १९८२ पासूनचं, ते अशी लोकांनी केलेली रेकॉर्डिंग नोंदींसकट सांभाळतात आणि परवानगीच्या अटीही लिहून घेतात. नुसतं यात्रा लिहिलेल्या कॅसेटी सगळ्यात आधी घ्या.