गीझरचा दिवा लागतो पण पाणी गारच: नवा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला सुदामानगरात राहता, गीझर 15 लिटरचा, 2000 वॉटचा, सहा वर्षं वापरलेला. परवापर्यंत ठीक होता, आता दिवा तासभर लागलेला राहतो आणि पाणी गारच येतं. मिस्त्रीने झाकणही न उघडता 'नवा घ्या' म्हणून सांगितलं.

घाई करू नका. टाकी गळत नसेल तर नव्वद टक्के गीझर दुरुस्त होतो, असा माझा अनुभव आहे. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि थंडी पडली की नात्यातल्या, शेजारच्या घरांतले गीझर माझ्याकडेच येतात.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: दिवा विझतच नाही. बहुतेक गीझरमध्ये तापण्याचा दिवा थर्मोस्टॅटच्या (पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पुढे, एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या कांडीच्या) जोडीने लावलेला असतो. म्हणजे वीज प्लगमधून, कटआउटमधून (पाणी अति तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच), थर्मोस्टॅटमधून पार होऊन एलिमेंटच्या दारापर्यंत पोचतेय. एलिमेंट ती घेत नाही. पाणी तापत नाही म्हणून थर्मोस्टॅट बंद होत नाही, म्हणून दिवा विझत नाही. दिवा लागलाच नसता तर मी आधी कटआउट आणि थर्मोस्टॅट बघायला सांगितलं असतं. मात्र काही मॉडेलांत एकच दिवा असतो आणि तो नुसता 'लाइन आली' एवढंच सांगतो. त्यामुळे दिव्यावर सगळी भिस्त ठेवू नका, घरच्या वीजमीटरला विचारा.

ते असं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, 1600 किंवा 3200. आता फक्त गीझर लावा. 2000 वॉटचा गीझर खरोखर तापत असेल तर 3200 वाल्या मीटरवर मिनिटाला सुमारे 107 वेळा, 1600 वाल्यावर 53 वेळा लुकलुक दिसेल. दिवा जवळजवळ थांबलेलाच राहिला तर गीझर वीज घेतच नाहीये. एक स्क्रू न काढता निम्मं निदान झालं.

आणि लुकलुक व्यवस्थित असेल तर? मग पाणी तापतंय, पण तुमच्यापर्यंत गरम येत नाहीये. गीझरमधून निघणाऱ्या पाइपला सांभाळून हात लावून बघा. तो गरम आणि नळ कोमट असेल तर दोष मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळात आहे, गार पाणी तिथे मिसळतंय. पाइपही कोमट असेल तर आत गार पाणी तळाशी सोडणारी नळी तुटलेली असू शकते.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला एलिमेंटच वाटतं. आता झाकण उघडायचं ते एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा त्या लाइनीचा स्विच) पाडून आणि प्लग काढून, दोन्ही. नुसता स्विच बंद करून नाही, कारण कधीकधी स्विच न्यूट्रलवर लावलेला असतो आणि फेज आत तसाच राहतो. उघडल्यावर चालू लाइनीवर टेस्टर लावत बसू नका. टेस्टर धोका तर देतोच, शिवाय फसवतोही: न्यूट्रल तुटलेला असेल तर एलिमेंटच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो आणि माणूस म्हणतो, 'सप्लाय तर आहे!'

आधी नुसतं डोळ्यांनी बघा. एलिमेंटच्या टोकाला जाणारी वायर काळी पडलीय का, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) सैल होऊन जळलंय का? 16 अँपिअरचा प्लगही बघा, कारण हे गीझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतात आणि सैल पिन लवकर जळते. वायर जळलेली निघाली तर नवं थिंबल लावून काम संपलं.

वायर ठीक असेल तर ती एलिमेंटच्या टोकांवरून सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा. दोन टोकांमध्ये 26 ओहमच्या आसपास आलं तर एलिमेंट जिवंत आहे. काहीच आलं नाही तर आतली तार तुटली. मग एक टोक आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजा. तिथे काहीही येता कामा नये. आलं तर एलिमेंट फुटलंय, पाण्यात करंट उतरतोय, आणि तो गीझर त्या क्षणापासून बंद, कितीही थंडी असो.

एलिमेंट का जातं हेही सांगतो, कारण आपल्याकडे कारण पाण्यातच आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या वेळी टाकीत बोरिंगचं भरतो. त्या पाण्यातले क्षार तापल्यावर एलिमेंटवर बसतात, पांढरा दगडी थर होतो. थराखाली उष्णता पाण्यात जाऊ शकत नाही, तार आतल्या आत तापून तुटते. जुनं एलिमेंट काढाल तेव्हा ते बघा. नुसता थर असेल आणि ओहम बरोबर येत असतील तर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ते रात्रभर बुडवून ठेवा, टोकांना पाणी लागू न देता. तुटलेलं असेल तर नमुना घेऊन महाराणी रोडला, विजेच्या सामानाच्या बाजारात जा. लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि वॉट जुळलेच पाहिजेत. गॅस्केट (सांध्यातून पाणी गळू न देणारी चकती) नवंच घ्या. शेजारीच मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. तिची नुसती तार उरली असेल तर तीही बदला, टाकी वाचेल.

आता एक गोष्ट, जी मला अगदी हात जोडून सांगायचीय. मिस्त्रीला कटआउट 'डायरेक्ट' करू देऊ नका. रामबागेत माझी मावशी राहते. एका कारागिराने तिच्या गीझरचा कटआउट सारखा पडतो म्हणून तो काढून वायरचा तुकडा जोडून दिला. दोन महिने पाणी छान तापलं. मग एका सकाळी थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले, पाणी उकळायला लागलं, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसू लागली. मावशीचा फोन आला तेव्हा मी ओरडूनच सांगितलं: 'एमसीबी पाड, गरम नळाला हात लावू नकोस, बाहेर ये.' व्हॉल्व्ह चालू होता म्हणून मावशी वाचली. क्षारांनी तो बंद झालेला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. कटआउट पडतो तो बहुतेक वेळा थर्मोस्टॅट बिघडलाय म्हणून. थर्मोस्टॅट बदला. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवा.

सगळं बसवून झालं की आधी पाणी भरा. गरम नळ उघडा, हवा निघून सलग धार लागू द्या, मगच लाइन द्या. कोरड्या टाकीत नवं एलिमेंट मिनिटभरात जातं. मग घड्याळ लावा. 18 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर यायला 2000 वॉटला साधारण 22 ते 25 मिनिटं लागतात. चाळीस लागत असतील तर एलिमेंटला दोष देऊ नका, संध्याकाळी आणि पहाटे व्होल्टेज मोजा. 230 च्या जागी 180 येत असेल तर तोच 2000 वॉटचा गीझर जेमतेम 1225 वॉट देतो.