दुसरीतच पुन्हा बसवताय? अर्ज लिहिण्याआधी थांबा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. मुलगी दुसरीत, धड वाचता येत नाही, आणि शाळा म्हणते, 'अजून एक वर्ष इथंच राहू द्या, पाया पक्का होईल.' आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या वेळी मी हेच ऐकलंय, जवळजवळ ह्याच शब्दांत.

मोबाईल कमी करा, अभ्यास घ्या, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मी माझी चूक सांगते. मी अर्ज लिहून दिला: 'माझ्या विनंतीवरून पाल्यास इयत्ता दुसरीत ठेवावे.' मजकूर त्यांनी सांगितला, अक्षर माझं. शिक्षण हक्क कायद्यानं (2009, कलम 16) तेव्हा आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवता येत नव्हतं, म्हणून माझ्या हातचा कागद हवा होता, हे फार उशिरा कळलं. पुढे एका कार्यालयात दाद मागायला गेले, तर साहेबांनी तोच अर्ज माझ्यापुढे सरकवला. "सही तुमचीच ना? मग तक्रार कुणाविरुद्ध?" तीन खेपा झाल्या. टॉवेलच्या कारखान्यात माझं शिलाईचं काम नगावर, म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. तिसऱ्या खेपेला साहेब साडेबारालाच जेवायला गेले होते. असो.

त्या वर्षात झालं काय? तीच पुस्तकं, त्याच बाई. पोराला पुस्तक पाठ झालं. बोट ठेवून घडाघडा म्हणायचा, मीही खूश. एकदा अंड्याच्या चित्राखाली 'अंडे' लिहिलं होतं, हा म्हणाला 'गुड्डू'. आमच्या घरी तेलुगू. म्हणजे हा चित्र वाचत होता! मग पाटीवर 'कागद' लिहून दिलं. 'क काना का, ग, द' इथवर बरोबर, आणि एकदम म्हणाला, 'काका!' बाराखडी तोंडपाठ, पण अक्षरं जोडून शब्द होतो हे त्याला उमगलंच नव्हतं. त्यात धाकटी पहिलीतून वर आली ती थेट त्याच्याच वर्गात. 'आज दादाला उभं केलं' हे रोज घरी यायचं, आणि याचा डबा तसाच परत.

गाठ सोडवली गल्लीतल्या एका निवृत्त बाईंनी. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, एकेकावर एक अक्षर. रोज वीस मिनिटं, आधी दोनच अक्षरं जोडायची. मग तो तेलुगूत काहीतरी सांगायचा, त्या ते मराठीत लिहायच्या आणि त्याचंच त्याच्याकडून वाचून घ्यायच्या. दिवाळीनंतर सुरू केलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याच्या तिकीटखिडकीवरचं 'लहान मुले' त्यानं स्वतः वाचलं आणि भावही मलाच सांगितला. सगळ्यांना इतक्या लवकर जमेलच असं नाही हं. तीस दिवसांत वाचन शिकवणाऱ्या क्लासला मात्र पैसे देऊ नका.

कायदा आता थोडा बदललाय. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात ठेवतात. दुसरीला हे लागू नाही. मी वकील नाही, शिक्षिकाही नाही, शासन निर्णय स्वतः वाचून घ्या. पण माझं स्पष्ट मत: कुठे अडतंय ते न बघता वर्ष पुन्हा करायला लावणं म्हणजे बंद पडलेल्या मागावर पुन्हा तेच सूत चढवणं.

आधी डोळे तपासा, कानही. चार-सहा महिने नीट सराव करूनही अक्षरांची उलटापालट थांबली नाही, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारखी, बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं अडतं ती) तपासणी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. 'मंद आहे' असं कुणी म्हटलं तर तिच्यासमोर तरी ऐकून घेऊ नका.

तुम्ही अर्ज अजून दिला नाही ना? दिला असेल तर झेरॉक्स ठेवली आहे का? आणि घरी कोणती भाषा बोलता, तेही लिहा.