आग लागली की अग्निशमनचा बंब सगळं जळून गेल्यावरच का येतो?

राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत फायरमन आहे, कलिन्याच्या केंद्रात सहा महिन्यांचा कोर्स करून लागलेलो, आणि अगदी हाच प्रश्न माझे साडू दर लग्नाकार्यात चार लोकांसमोर मला विचारतात.

त्यांचा राग आमच्या पेठेतल्या आगीवरून आहे. दिवाळीच्या आधीची गोष्ट, खाली कापड दुकान, वर मालकाचं घर, दोन्ही बाजूंना जुने वाडे, सगळं सागवानी काम. धूर दिसल्यावर लोकांनी आधी शटर तोडायला घेतलं, मग बादल्या आणल्या, मग कोणीतरी नगरसेवकाला फोन केला, त्यांनी ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला, आणि असं फिरत फिरत आमच्याकडे वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली. तोवर तळमजला पूर्ण पेटलेला. आम्ही लगेच गेटबाहेर पडलो, पण पेठेच्या तोंडाशी दिवाळीचे स्टॉल, दोन्हीकडे मोटरसायकली, मध्ये एक छोटा हत्ती आडवा लावलेला आणि त्याचा ड्रायव्हर गायब. हातांनी गाड्या उचलून बाजूला केल्या. लोक धावून आले हे खरं, पण तितकेच मोबाइल वर करून उभे होते.

पोचलो तर खांबावरून दुकानात जाणारी वायर चालू. महावितरणचा वायरमन निघाला होता. लाइन बंद झाल्याशिवाय तिथे पाण्याची धार मारली तर करंट ब्रांच, म्हणजे पाइपाच्या तोंडाची नळी, धरलेल्या पोरापर्यंत येऊ शकतो, म्हणून होज (पाण्याचा पाइप) अंथरून तयार ठेवला आणि दोघं पुढे थांबले. त्याच वेळी आम्ही बाकीचे मागच्या बोळातून शिडी लावून वरच्या आजींना आणि त्यांच्या सुनेला खाली घेत होतो. आजी खिडकी सोडायला तयार नव्हत्या, शेवटी मी म्हटलं आजी माझ्या गळ्याला मिठी मारा आणि डोळे मिटा, मग आल्या.

व्हिडिओ फिरला तो पुढच्या बाजूचा. ‘दुकान जळतंय आणि फायरब्रिगेडवाले पाइप धरून उभे.’ साडूंनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. बोळात अंधार होता, तिथे शूटिंग करायला कोणी आलंच नाही.

लाइन बंद झाल्यावर पाणी सुरू केलं. आमच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी बसतं, पूर्ण दाबाने एका होजने मारा केला तर आठ-दहा मिनिटांत टाकी संपते, मग टँकर येईपर्यंत लोक ओरडतात की बंब रिकामाच आणला. दुकान गेलं, मान्य आहे. पण दोन्ही बाजूंचे वाडे उभे राहिले, कारण आम्ही बराचसा मारा त्यांच्या भिंतींवर आणि आढ्यांवर ठेवला होता. हे साडूंना दहा वेळा सांगून झालंय.

म्हणून तुम्हाला सांगतो, बंब उशिरा येत नाही, बहुतेक वेळा वर्दी उशिरा येते. धूर दिसला की पहिला फोन अग्निशमनला, नगरसेवकाला नाही. आमच्याकडे मोबाइलवरून 101 लावलं तर कधी कधी भलतीकडेच लागतं, म्हणून आपल्या ठाण्याचा थेट नंबर आजच सेव्ह करा, 112 आहेच. पत्ता सांगताना खूण सांगा, एक माणूस चौकात उभा करा, आणि त्याच मिनिटाला महावितरणलाही कळवा. व्यापारी लोकांनी तर बोलूच नये असं माझं मत आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ज्या इमारतीत आगीची यंत्रणा बसवावी लागते तिथे ती चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, आणि कित्येक ठिकाणी फक्त कागद सरकवला जातो, आग विझवायच्या सिलिंडरवर धूळ.

आणि ‘बसून पगार खातात’ म्हणणाऱ्यांनी 14 एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून का पाळतात ते बघावं. 1944 ला त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती, ती आग विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात गेले. 2015 ला काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. माझ्या शिफ्टची निम्मी पोरं ठेकेदाराकडची आहेत, तीसुद्धा त्याच शिडीवर चढतात.

हां, काही गावांत गाडीच बंद असते, ड्रायव्हर नसतो, पंप नादुरुस्त असतो, तेही खरं आहे. तिथे नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा, जोरात विचारा, आम्हालाही ते हवंच आहे. तुमच्या मनात एखादी ठरावीक आग असेल तर माहिती अधिकारात त्या दिवशीची वर्दी नोंदवहीची नक्कल मागा. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता सुटली, दोन्ही वेळा त्यात लिहिलेल्या असतात. साडूंनाही मी हेच सांगितलंय, अर्ज अजून आलेला नाही.