फाइल नंतर, आधी पेपर माग

बेटा,

कॉलेजची नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करू का, हा तुझा मेसेज रविवारीच वाचला पण उत्तर मुद्दाम लगेच दिलं नाही, कारण फोनवर बोलले असते तर "सोड ती नोकरी, मी आहे ना" असं काहीतरी म्हणून गेले असते आणि मग तुझ्या आईने मला दांडिया बाजारात गाठून जाब विचारला असता. ११ महिन्यांचं काँट्रॅक्ट, मग ब्रेक, मग परत तोच इंटरव्ह्यू आणि समोर तीच माणसं, हे मी पण ७ वर्षं केलंय, त्यामुळे तू का वैतागलीयस ते मला वेगळं सांगू नकोस. टीचिंग-असेसमेंटची कन्सल्टंट म्हणून, म्हणजे कॉलेजांना शिकवणं आणि परीक्षा सुधारायला मदत करत, स्वतःचं काम सुरू करता येईल का, तर येईल. फक्त कॉलेजवाले तुला कशासाठी बोलावतात आणि तू कशासाठी जायचं, या दोन गोष्टी बहुतेक वेळा एक नसतात, ते आधी समजून घे.

बोलावतात फाइलसाठी. नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) तपासणी असते, इंजिनिअरिंग कॉलेज असेल तर एनबीएची (ती त्यांच्या कोर्सेसना मान्यता देते). २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशांत मानायच्या कराराचा, परमनंट मेंबर झाला, तेव्हापासून इंजिनिअरिंगवाल्यांकडे कोर्स आउटकम (एका विषयानंतर मुलाला काय यावं), प्रोग्राम आउटकम (पूर्ण डिग्रीनंतर काय यावं), त्यांचं मॅपिंग (एकमेकांशी जोडणी), अटेनमेंट (ते किती साधलं) हे सगळं जोरात सुरू झालं, आता बाकीच्यांकडे पण आलंय. कल्पना वाईट नाही, मुलाला शेवटी काय यायला हवं ते आधी ठरवा मग शिकवा, यात चुकीचं काय आहे. पण होतं असं की तपासणीच्या २ महिने आधी कोणालातरी आठवतं आणि मग आपला फोन वाजतो.

माझं पहिलं मोठं काम असंच. कॉलेजचं नाव नको, हायवेवर आहे एवढं पुरे. ५८ विषयांची मॅट्रिक्स, म्हणजे कुठला विषय कुठल्या आउटकमला किती हातभार लावतो त्याचा तक्ता, प्रत्येक चौकोनात १, २ नाहीतर ३ भरायचे. मी छान एक्सेल बनवून दिली, रंगबिरंगी. सगळ्या विषयांचं अटेनमेंट ३ पैकी २.५ च्या वर आलं आणि कोणालाच नवल वाटलं नाही. फक्त एक तरुण सर शेवटी हळूच म्हणाले, मॅडम, माझ्या वर्गातली निम्मी मुलं नापास आहेत, मग माझं २.६ कसं आलं? उत्तर माझ्याकडे होतं, टार्गेट मीच इतकं खाली धरलं होतं की कोणीही ओलांडावं, पण ते त्यांना सांगायची लाज वाटली. पैसे मात्र वेळेवर मिळाले, इतके वेळेवर नंतर कधी मिळाले नाहीत.

तेव्हापासून माझी एकच अट असते, आणि तू पण पहिल्या दिवसापासून तीच ठेव. मॅट्रिक्स नंतर, आधी मागच्या ३ वर्षांचे पेपर आणि इंटर्नल टेस्टच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवा, नावं झाकून. (युनिव्हर्सिटी परीक्षेच्या मिळणार नाहीत, त्या मागू पण नकोस.) काही जण इथेच फोन ठेवतात. ठेवू दे.

पेपर हातात आला की काय दिसतं ते सांगते. ब्लूमची लेव्हल (पाठांतरापासून विचारापर्यंत प्रश्नांच्या चढत्या पायऱ्या) वाढवायची म्हणून नुसतं क्रियापद बदललेलं असतं. कॉमर्सच्या एका पेपरात "डेप्रिसिएशनच्या पद्धती लिहा" असा प्रश्न होता (डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, वस्तू जुनी होते तशी घटणारी किंमत), पुढच्या वर्षी "डेप्रिसिएशनच्या पद्धतींचं विश्लेषण करा" झाला, आणि मुलांनी दोन्ही वर्षी गाइडचं तेच पान उतरवलं. त्या मॅडमबरोबर बसून आम्ही नवीन प्रश्न केला: बेकरीवाल्याने ओव्हन घेतलाय, पुढच्या वर्षी त्याला बँकेत लोन मागायला जायचंय, दोनपैकी कुठल्या पद्धतीने त्याचा नफा जास्त दिसेल आणि तू त्याला काय सांगशील. मुलं अडकली, भांडली पण, दोघा-तिघांनी तर फारच सुंदर लिहिलं. मॅडम इतक्या खूष झाल्या की पुढच्या वर्षी त्यांनी बेकरीवाला वर्गात फळ्यावर सोडवून दाखवला आणि मग पेपरात तोच घातला! झालं, परत पाठांतर. म्हणजे प्रश्न किती वरचा आहे हे नुसता प्रश्न वाचून कळतच नाही, वर्गात काय शिकवलंय आणि पेपरात काय विचारलंय ते दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं, आणि म्हणूनच घरी बसून क्रियापदांच्या यादीवरून रिपोर्ट लिहिणारा कन्सल्टंट काही उपयोगाचा नाही.

आणि हे सगळं नवीन आहे अशा थाटात कधी बोलू नकोस. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच लिहून ठेवलंय की युनिव्हर्सिटी शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू. ब्लूमचं पुस्तक १९५६ चं, लगेच तो स्वतः भारतात येऊन वर्कशॉप घेऊन गेला आणि १९५८ मध्ये सेंट्रल एक्झामिनेशन युनिट निघालं. आपल्या बडोद्यात तर युनिव्हर्सिटीच्या सेंटर ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशनमधून बुच साहेबांनी १९७४ मध्ये देशभरातल्या शिक्षण-संशोधनाचा पहिला सर्व्हे काढला होता. युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत एक दिवस बस आणि जुनं वाच. सीनियर प्रोफेसर "आमच्या वेळेला पण हे झालं होतं" म्हणतात तेव्हा ते बरोबर असतात आणि आपल्याला ते माहीत नसलं की तिथेच आपली किंमत संपते.

सीनियर मंडळींशी वाद घालूच नकोस. तुझं वय तिशीच्या आत, समोर २५ वर्षं शिकवलेला माणूस, तुझं का ऐकेल? त्यापेक्षा १० उत्तरपत्रिकांची झेरॉक्स काढ, मार्क पांढऱ्या पट्टीने झाक आणि एकाच विषयाच्या दोघांना वेगवेगळ्या टेबलावर तपासायला दे. एकदा एकाच उत्तराला एका सरांनी १० पैकी ४ दिले आणि दुसऱ्यांनी ८. खोलीत कोणी काही बोलेना. मग एचओडींनी (विभागप्रमुखांनी) चहा मागवला आणि म्हणाले, "चालो, हवे शुं करवानुं?" म्हणजे चला, आता काय करायचं? तिथून पुढे रूब्रिक (कशाला किती मार्क द्यायचे त्याचा तक्ता) त्यांनीच बनवली, मी नुसती लिहून घेत होते. कोणाला वाटलं की हा आपल्यावरच आरोप आहे, तर १९३५ च्या इंग्लंडमधला हार्टॉग आणि ऱ्होड्सचा प्रयोग सांग. इतिहासाच्या त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना वर्षभराने परत तपासायला दिल्या तर २१० पैकी ९२ वेळा निकालच बदलला. म्हणजे परीक्षक स्वतःशीच सहमत नव्हते, दुसऱ्याची गोष्ट लांबच.

आकडे पण काढ, पण थोडे. ६० मुलांचा वर्ग असेल तर मार्कांनी वरची १६ आणि खालची १६ घे, दोन्ही टोकांची २७-२७ टक्के मुलं घ्यायचा जुना हिशेब, आणि प्रत्येक प्रश्न कोणाला आला कोणाला नाही ते बघ. जो प्रश्न हुशार मुलांचाच चुकतो आणि खालच्यांचा बरोबर येतो, त्यात बहुतेक वेळा गडबड प्रश्नाची असते.

अजून एक आपल्या गावचं. इथे युनिव्हर्सिटीत शिकवायचं माध्यम इंग्रजी, आणि किती मुलं गुजराती, हिंदी शाळांतून, थोडी आपल्या मराठी घरांतूनही येतात. उत्तरपत्रिका वाचताना तुला दिसेल की मुलाने आकृती अगदी बरोबर काढलीय, बाण बरोबर, आणि खालच्या ४ ओळी वाचवत नाहीत. त्याचे मार्क कशाचे कापले, विषयाचे की इंग्रजीचे? हा प्रश्न रिपोर्टमध्ये लिहून कोणी वाचत नाही, ती उत्तरपत्रिकाच त्या सरांच्या हातात दे.

पैशाचं पटकन सांगते. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पहिली मीटिंगसुद्धा नाही. टीडीएस १० टक्के कापतील, तो खरंच भरला का ते पोर्टलवर बघत जा, एका ठिकाणी दीड वर्ष भरलाच नव्हता. जीएसटीचं २० लाखाच्या आत टेन्शन घेऊ नकोस, तिथे पोचलीस तर मला जेवायला ने. ग्रँटवाल्या कॉलेजात बिल फेब्रुवारीतच दे, मार्चच्या शेवटी दिलंस की एप्रिलमध्ये "नवीन बजेट येऊ दे" ऐकायचं. आणि एक दिवसाची एफडीपी (शिक्षकांचं ट्रेनिंग), सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी सर्टिफिकेट, ती ओळखी वाढवायला वर्षातून दोनदा ठीक, त्याला काम समजू नकोस. पहिलं वर्ष कुठेतरी तासांवर शिकवत राहा, पैशासाठी पण आणि वर्गात उभं राहायची सवय जाऊ नये म्हणून पण, ती गेलेली शिक्षकांना लगेच कळते.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये. येताना तुझ्या शेवटच्या इंटर्नल टेस्टचा पेपर आणि १० उत्तरपत्रिकांची झेरॉक्स आण, नावं आणि तुझे मार्क झाकून. मी तपासते, मग तुझे मार्क उघडू. शेव-उसळ मी मागवते, आणि आईला अजून काही बोलू नकोस.

तुझी मावशी