सिली, स्टुपिड आणि फूलिश यांत नेमका फरक काय?

तिन्हींना कोशात 'मूर्ख' हाच अर्थ दिलाय, मग कुठला कधी वापरायचा, असं तुम्ही विचारलंय. कोश जरा बाजूला ठेवा, क्रिकेट घ्या.

डिसेंबर २०२४, मेलबर्न कसोटी. ऋषभ पंत २८ धावांवर. स्कूप, म्हणजे चेंडू यष्टीमागे उचलण्याचा फटका, मारायला गेला, चुकला, चेंडू अंगावर बसला. तरी बोलंडच्या पुढच्याच चेंडूला पुन्हा तोच फटका, आणि थर्डमॅनला लायनच्या हातात झेल! समालोचन करणारे गावसकर कडाडले, 'स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड!'

स्टुपिड थेट डोक्यावर घसरतं: अक्कलच नाही, मठ्ठ. लॅटिनमधल्या मुळाचा अर्थ सुन्न होणं, स्टुपर (बधिरावस्था) हा शब्द त्यातलाच. फूलिशमध्ये अक्कल असते, पण धोका दिसत असूनही माणूस अविचार करतो. माझ्या मते त्या फटक्याला फूलिशच चपखल बसलं असतं, पण रागाच्या भरात ते फारच मिळमिळीत वाटतं.

आणि सिली? फलंदाजाच्या पुढ्यात जाऊन उभं राहायची जागा म्हणजे सिली पॉइंट. इतक्या जवळ थांबणं हा निव्वळ वेडेपणा, म्हणून ते नाव. त्याला स्टुपिड पॉइंट कोणी म्हणणार नाही, कारण सिलीत तुच्छता नसते. (आपले एकनाथ सोलकर पलीकडच्या बाजूला, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय उभे राहायचे. २७ कसोटींत ५३ झेल!) जुन्या इंग्रजीत सिली याच शब्दाचा अर्थ धन्य, सुखी असा होता, मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी खुळा. आपल्याकडे भोळ्याचा भोळसट होतो, तसंच काहीसं.

म्हणून सिली लाडातही चालतं. हॉटेलात पाहुणा पाकीट काढू लागला की यजमान म्हणतो, 'डोंट बी सिली', म्हणजे 'छे, काहीतरीच काय!' तिथे स्टुपिड घालून बघा, पाहुणा पुन्हा यायचा नाही.

डम्ब हा बोलण्यातला, स्टुपिडचाच भाऊ. मूळ अर्थ मुका, त्यामुळे जपून. अ‍ॅब्सर्ड सहसा माणसाला नाही, दाव्याला किंवा प्रसंगाला लावतात.

ऑफिसच्या मेलमध्ये यातलं एकही नको. साहेबांचा निर्णय पटला नाही तर 'अनवाइज' लिहा, आणि तेही दोनदा विचार करून.