चिनी राजवाड्याच्या मालिकांमधल्या राण्या खरंच होऊन गेल्या का? त्यांची खरी नावं काय होती?

नावं विचारलीत म्हणून लिहायला बसले. या मालिकांवर इथे उत्तरं पुष्कळ आहेत, पण नावावरून आमच्या घरात भांडण झालेलं आहे.

आधी तुमचं उत्तर. बायका खऱ्या, नावं लेखकांनी ठेवलेली. छिंग, म्हणजे चीनवर राज्य करणारं शेवटचं, मांचू वंशाचं घराणं; त्याच्या दरबाराच्या कागदांत राणीचं माहेरचं कूळ लिहीत आणि पुढे 'शी' जोडत: नारा शी, वेइज्या शी, निओहुरु शी. आपल्याकडे 'जोश्यांची', 'देशमुखांची' म्हणतात तसं. शिवाय दरबारानं दिलेली पदवी. आईबापांनी ठेवलेलं नाव बहुतेकींचं कुणी टिपूनच ठेवलं नाही. त्यामुळे मालिकांतल्या नायिकांची रुयी, यिंगलुओ, झेन ह्वान यातलं एकही नाव कागदात शोधू नका.

झेन ह्वान म्हणजे छ्येनलोंग बादशहाची आई, निओहुरु कुळातली. 1777 साली ती गेली तेव्हा मुलाला गादीवर बसून 41 वर्षं झाली होती. तिच्या मालिकेत खरा अन्याय झालाय तो ह्वा राणीवर. तिला मूलच होत नाही असं दाखवलंय. ती ज्या खऱ्या राणीवरून घेतली त्या न्येन राणीला तीन मुलगे आणि एक मुलगी झाली, चारही लहानपणीच गेली. ती स्वतः 1725 च्या अखेरीस गेली. तिच्या सेनापती भावाला जीव देण्याचा हुकूम त्यानंतर सुटला. मालिकेत क्रम उलटा केलाय.

आता रुयी (खरी नारा राणी) आणि यिंगलुओ (खरी वेई राणी). दोन्ही मालिका 2018 च्या, आणि दोन्हींत त्याच दोन बायका आहेत. एकीत वेई चांगली, नारा दुष्ट. दुसरीत नारा चांगली, वेई दुष्ट. खरी वेई राणी बादशाही घरखात्याच्या चाकर घराण्यातली, जन्म 1727, मृत्यू 1775. जिवंतपणी ती पट्टराणी झालीच नाही. 1795 मध्ये तिचा मुलगा वारस म्हणून जाहीर झाला, तेव्हा मरणानंतर वीस वर्षांनी पदवी मिळाली.

नारा, म्हणजे रुयी, 1750 मध्ये पट्टराणी झाली. 1765 च्या वसंतात छ्येनलोंग दक्षिणेच्या दौऱ्यावर हांगचौला होता, आई आणि राण्या बरोबर. एका दिवशी सकाळी बादशहानं नाराला आपल्या जेवणातले पदार्थ पाठवल्याची नोंद आहे. त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाच्या नोंदीत ती नाही. त्याच सुमारास तिनं स्वतःचे केस कापले होते. मांचू रीतीत राणी केस कापते ती बादशहा गेला किंवा सासू गेली तर. इथे दोघंही तिथेच, धडधाकट. तिला तडक बीजिंगला परत पाठवलं, त्याच वर्षी पदव्यांचे कागद काढून घेतले, दिमतीला दोन दासी ठेवल्या, आणि 1766 च्या ऑगस्टमध्ये ती वारली. बादशहा शिकारीला गेला होता. तो परत आला नाही.

मी कामानिमित्त तीन वर्षं बीजिंगला होते. शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर त्सुनह्वाला छिंग बादशहांची पूर्वेकडची थडगी आहेत. छ्येनलोंगच्या भुयारात दगडी भिंती, दारं, कमानी सगळीकडे संस्कृत आणि तिबेटी मंत्र कोरलेत. संस्कृत असून लिपीमुळे मला एक अक्षर वाचता येईना. तिथे माणसांची रीघ होती. शेजारीच त्याच्या राण्यांचं आवार आहे, हिरव्या कौलांचं, कारण पिवळी कौलं बादशहाची. तिथे 36 जणी पुरल्यात आणि त्या दिवशी मी सोडून चिटपाखरू नव्हतं. एका राणीची खोली उतरून बघता येते. मधोमध तिची शवपेटी, आणि बाजूला सरकवल्यासारखी दुसरी. ती दुसरी नाराची. पंधरा वर्षं पट्टराणी असलेल्या बाईला स्वतःचं थडगं नाही, नावाचा दगड नाही. दुसरीच्या खोलीत आणून ठेवलेली. खाली गार ओल होती आणि मला रडू आलं.

वर येऊन आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मालिका, राजवाडा यात तिला काडीचा रस नाही. पण केसांचं ऐकल्यावर ती थांबली. "नवरा जिवंत असताना? स्वतःच्या हातानं?" मग म्हणाली, "आपल्या मोठीआईचे न्हाव्यानं केले होते. एकोणीस वर्षांची होती." मोठीआई म्हणजे माझी पणजी. आई लग्न होऊन आली तेव्हा ती होती, लाल आलवणात, माजघराच्या खिडकीशी. आई तिच्याबरोबर दोन वर्षं एका घरात राहिली आणि तिच्या डोक्यावरचा पदर सरकलेला एकदाच पाहिला. पाणी घ्यायला वाकली होती, पांढरे खुंट दिसले, आणि तिनं आईकडे बघत घाईघाईनं पदर ओढला. आईनं हे पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तिचं नाव काय होतं? आईला माहीत नव्हतं.

माझ्या भावानं, दादानं, आमच्या घराण्याची वंशावळ छापली आहे. नऊ पिढ्या. पणजोबांच्या चौकटीखाली फक्त 'पत्नी' असं आहे. मी भांडले तेव्हा म्हणाला, कागदात नाही तर मी काय घालू? आणि हाच दादा नाराबद्दल म्हणतो की बादशहाच्याच हुकूमनाम्यात तिला वेड लागल्यासारखं लिहिलंय, म्हणजे ती वेडीच असणार. दादा, हुकूमनामा तिला हाकलणाऱ्यानं लिहिला आहे. 1778 मध्ये जिन छोंगशान नावाच्या माणसानं अर्ज केला की या राणीच्या बाबतीत बादशहानं चूक कबूल करावी. तेव्हा बादशहा काय म्हणाला? तिनं केस कापले, ही आमच्याकडे सर्वांत वर्ज्य गोष्ट. त्या माणसाचं डोकं उडवलं. एखादी बाई नुसती वेडी असेल तर बारा वर्षांनी तिच्यासाठी कुणाचं डोकं उडवावं लागत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, 'खरी कोण होती' हे शोधताना कागद कुणी लिहिला ते आधी बघा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारा, कागद थांबतील.

एक राहिलं. तिनं केस का कापले याचं कारण एकाही हुकूमनाम्यात दिलेलं नाही, तेव्हा मालिकेतली कारणं लेखकांची समजा. नारा साध्वी होती असंही माझं म्हणणं नाही. आणि दादा त्या वंशावळीसाठी चार वर्षं स्वतःच्या पैशानं गावोगाव फिरला, तेही खरं आहे.

नाराचा मुलगा योंगची 1776 मध्ये गेला, कुठलीही पदवी न मिळता. ती त्याला 1799 मध्ये मिळाली, ज्याछिंग बादशहाकडून. ज्याछिंग म्हणजे वेईचा मुलगा. दोन्ही मालिकांत ज्या एकमेकींच्या वैरिणी, त्यातल्या एकीच्या मुलानं दुसरीच्या मेलेल्या मुलाला मान दिला.

पणजीचं माहेरचं गाव आईला आठवतं. मे महिन्यात मी तिकडे जाणार आहे. दादा येतो म्हणालाय.