टर्नटेबलच्या दोन महागड्या एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड वाचणाऱ्या सुईच्या डब्या, ऐकल्या, दुसरी जास्त ‘जिवंत’ वाटली. तीच घेऊ का?

घेऊ नका. निदान आत्ताच नको.

तुम्ही लिहिलंय की मित्राकडे एकाच टर्नटेबलवर दोन्ही लावून ऐकल्या, पहिलीची सुई मायक्रोरिज घडणीची, दुसरीची शिबाटा, आणि ‘व्हॉल्यूमला हातही लावला नाही’. हे वाचलं आणि मला माझा साडू आठवला.

माझ्याकडे तेव्हा लाकडी बॉडीची एमसी होती, ०.४ मिलीव्होल्ट आउटपुटची, साध्या गोल टोकाची सुई. साडूने नवी आणली ती ०.५ची. बोरॉनचा कॅन्टिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी), लाइन कॉन्टॅक्ट म्हणजे बारीक धारेची सुई, सगळा थाट. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, माझाच. हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं त्याचं टोक) काढता-घालता येणारी, त्यामुळे अदलाबदल पटकन व्हायची. दर वेळी काट्यावर सुईचं वजन मोजलं, आर्मची उंची जुळवली. एवढं सगळं करून मी व्हॉल्यूमकडे हात नेला, तर साडूने नॉबवर पंजाच ठेवला. “याला हात लावायचा नाही. तुलना प्रामाणिक झाली पाहिजे.”

माझी वाजली. बरी वाजली. मग त्याची लावली आणि गायिका दोन पावलं पुढे येऊन उभी राहिली. दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. साडूने सुई उचलली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. ते न बोलणंच जास्त झोंबलं. आठवड्याभरात मी माझी कार्ट्रिज विकून टाकली.

तीन वर्षांनी ड्रॉवर आवरताना दोन्हींचे कागद हाती लागले (त्याचा माझ्याकडे कसा राहिला, देव जाणे). दोन्हींचं आउटपुट सुई खाचेत सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने थरथरताना मोजलेलं. ०.४ आणि ०.५ म्हणजे जवळजवळ २ डेसिबलचा फरक. एवढ्या फरकाला कान ‘मोठा आवाज’ म्हणत नाही. तो म्हणतो उघडा, मोकळा, जिवंत. आवाज थोडा चढला की खर्ज भरल्यासारखा वाटतो, बारीकसारीक गोष्टी वर येतात. नॉबला हात न लावणं हीच अप्रामाणिक तुलना होती! साडूला फोन केला तर म्हणाला, “तू कागद वाचून गाणं ऐकतोस होय?”

तर आधी पातळी जुळवा. टेस्ट रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा सूर असतो. तो लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्टेज बघा आणि दुसऱ्या कार्ट्रिजला तोच आकडा येईपर्यंत नॉब फिरवा. २.०० आणि १.९८ चालेल, २.०० आणि १.८ नाही. कागदावरचे आकडे वजा करत बसू नका, कारण कोणी ५ सेंटिमीटरवर मोजतो, कोणी ३.५४वर, आणि तेवढ्यानेच ३ डेसिबल इकडचे तिकडे होतात.

शिबाटा की मायक्रोरिज, यावर माझं मत विचाराल तर तो वाद निम्मा दिखाऊ आहे. शिबाटा सुई मुळात १९७०च्या दशकातल्या चार चॅनलच्या सीडी-४ रेकॉर्डसाठी निघाली. त्यात ३० किलोहर्ट्झचा कॅरियर (जादा चॅनलची माहिती वाहणारा, कानाला न ऐकू येणारा सूर) वाचावा लागायचा, म्हणून सुईची धार बारीक. मायक्रोरिजची आणखी बारीक. दोन्ही नीट बसवल्या तर उत्तम, वाकड्या बसवल्या तर दोन्ही सारख्याच छळतात.

तुमचा टोनआर्म कोणता ते तुम्ही लिहिलंच नाहीये आणि खरं तर निवड तिथून सुरू होते. आर्म आणि कार्ट्रिजचा मिळून रेझोनन्स (दोघं आपसूक डुलतात ती वारंवारता) ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसला पाहिजे. मऊ सस्पेन्शनची कार्ट्रिज जड आर्मवर लावलीत तर जरा वाकड्या रेकॉर्डवर वूफरचा पडदा काही वाजत नसताना आत-बाहेर डुलताना दिसेल.

आता एक कबुली द्यायलाच हवी. त्या दिवशी बाजू संपत आली तेव्हा शेवटच्या गाण्यात माझी कार्ट्रिज ‘स’ आणि ‘श’ला थुंकत होती, त्याची नव्हती. ते व्हॉल्यूममुळे नव्हतं. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढ्याशा जागेत तेच सूर दाटीवाटीने कोरलेले असतात, आणि गोल टोकाच्या सुईला ते पुरते वाचता येत नाहीत. म्हणजे साडूची कार्ट्रिज सरस असेलही. पण तो ज्या पहिल्या गाण्यावरून जिंकला, त्यावरून नव्हे. तुम्हीही पातळी जुळवल्यावर शेवटचं गाणंच लावून बघा.

साडूबरोबर हे सगळं पुन्हा करून बघायचं तर माझी जुनी कार्ट्रिज हवी. ज्याला विकली त्याला मागच्या महिन्यात विचारलं, परत देतोस का. उत्तरादाखल त्याने फक्त फोटो पाठवला. रेकॉर्ड फिरतेय, सुई खाली, शेवटच्या गाण्यावर.